हाताला कळणारा रस्ता

बैलगाडीला स्टिअरिंग नसते, तरी ती वळते. गाडीवान कासरा हलकेच ओढतो आणि बैलाला ते कळते. पण त्याच कासऱ्यातून उलट दिशेनेही काही येत असते, ते सहसा कोणी सांगत नाही. बैल दमला, बिचकला, त्याच्या पायाखाली चिखल आला, की गाडीवानाच्या मुठीला ते आधी कळते, डोळ्यांना नंतर. बाजार उरकून अंधारात परतणारा शेतकरी गाडीत पेंगत असे, तरी त्याची मूठ जागी असे. हुकूम जाण्याची आणि खबर येण्याची वाट एकच होती.

यंत्रांच्या इतिहासात ही दुहेरी वाट मध्येच तुटली. तुटल्यावर तिची किंमत कळली, आणि मग ती विजेच्या मोटारी लावून पुन्हा बांधण्याचा खटाटोप सुरू झाला. त्या खटाटोपाचे आजचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिचित रूप आपल्या घरातल्या मुलांच्या खोलीत दिसते. टेबलाला आवळलेले एक चाक, खाली दोन-तीन पेडल, समोर पडद्यावर शर्यतीचा रस्ता. याला ‘फोर्स फीडबॅक’ स्टिअरिंग म्हणतात. मराठीत ‘प्रतिबल देणारे चाक’ म्हणता येईल, पण तसे कोणी म्हणत नाही, म्हणून आपणही नको म्हणू या. इतिहासाच्या लेखात खेळण्याचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्यांनी थोडा धीर धरावा.

मोटारीचे चाक हे मुळात चाक नव्हते. घोड्याच्या चारचाकी गाडीत पुढचा अख्खा आस मध्यावरच्या खुंटीभोवती फिरे. गाडी जोरात वळवली तर ती कलंडण्याची भीती असे. शिवाय वळणावर आतले चाक लहान वर्तुळ घेते आणि बाहेरचे मोठे. दोन्ही चाके एकाच कोनात वळवली तर त्यांतले एक घासटत जाणार. म्युनिकच्या गेऑर्ग लँकेनस्पेर्गर या गाडीकाराने १८१७च्या सुमारास यावर तोड काढली. आस स्थिर ठेवायचा, दोन्ही चाकांना स्वतंत्र खुंट्या द्यायच्या आणि दांड्यांची जुळणी अशी करायची की आतले चाक थोडे जास्त वळेल. त्याच्या वतीने लंडनमध्ये १८१८ साली पेटंट घेतले ते रुडॉल्फ अॅकरमन या चित्रे आणि पुस्तके छापणाऱ्या जर्मन गृहस्थाने. आज जगभरचे अभियंते या रचनेला अॅकरमनचेच नाव देतात. कागदावर ज्याची सही, त्याचे नाव राहते. सात-बाराचे उतारे पाहण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हे वेगळे सांगायला नको.

कार्ल बेंझची १८८६ची तीनचाकी मोटार दांड्याने वळवावी लागे. १८८८ साली त्याची पत्नी बेर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत सुमारे शंभर किलोमीटर गेली, ती तसल्याच दांड्यावर. वेग वाढला तसा दांडा त्रास देऊ लागला. खड्ड्याचा एक हिसका बसला की दांडा हातातून निसटायचा. १८९४ साली पॅरिस ते रुआँ अशी मोटारींची जी पहिली मोठी चाचणी-शर्यत झाली, तीत आल्फ्रेड व्हाशरों याने आपल्या पानार मोटारीला गोल चाक बसवले होते. अशा चाकाची ही पहिली नोंद मानतात. म्हणजे स्टिअरिंग जन्माला आले ते शर्यतीतच! चाकाने हिसका कमी केला, पण पुसला नाही. चाक आणि दंतचक्रे यांमुळे हाताला कमी जोर लागू लागला आणि रस्त्याची खबर तितकीच सौम्य होऊन वर येऊ लागली.

ही खबर नेमकी कसली असते, ते समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास नीट कळणार नाही. दवाखान्यातल्या ढकलगाडीची लहान चाके पाहा. गाडी पुढे ढकलली की ती आपोआप मागे वळून सरळ रांगेत येतात, कारण चाक जिथे जमिनीला टेकते ती जागा खुंटीच्या मागे असते. मोटारीची पुढची खुंटीही अशीच किंचित कललेली असते, म्हणून वळण संपल्यावर चाक स्वतःहून सरळ होऊ पाहते. याच्या जोडीला टायरचा स्वतःचा एक गुण आहे. वळताना टायरचा जमिनीला चिकटलेला भाग वाकडा होतो आणि बाजूचा जोर त्या भागाच्या मध्यावर न पडता थोडा मागे पडतो. त्यामुळेही चाक सरळ होण्याकडे ओढ घेते. जितके जोरात वळाल तितकी ही ओढ वाढते. मात्र ती वाढतच जात नाही. टायरची पकड सुटण्याच्या बेतात आली की जोर पडण्याची जागा पुढे सरकते आणि ओढ एकाएकी ओसरू लागते. पकड पूर्ण सुटण्याआधीच हातातले चाक हलके होते.

वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे, कारण सगळ्या लेखाचे बीज त्यात आहे. गाडी घसरण्याची सूचना गाडी घसरण्याच्या आधी मिळते, आणि ती डोळ्याला नव्हे तर तळहाताला मिळते. पावसाळ्यात चोर्ला घाट किंवा आंबोली घाट उतरणाऱ्या जुन्या चालकाला यातले शास्त्र माहीत नसेल, पण ‘स्टिअरिंग हलके लागतेय’ म्हणताच त्याचा पाय आपोआप वर येतो. गाडी डावीकडे ओढते, चाकाला प्ले आला आहे, पुढचे टायर बसले आहे, ही सारी निदाने गॅरेजवाला अजूनही दोन हातांनीच करतो. नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखेच ते आहे.

मग ही वाट तुटली कशी? उत्तर साधे आहे. गाड्या जड झाल्या. मालमोटारीचे चाक फिरवायला पैलवानाचे खांदे लागू लागले. माझ्या लहानपणी लाल गाडीचा चालक स्टँडात गाडी वळवताना आसनावरून अर्धा उठून चाकावर अक्षरशः लोंबकळत असे, ते पाहिलेले माझ्या पिढीतले पुष्कळ जण असतील. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाचा अभियंता मालमोटारींच्या धंद्यात होता. त्याने १९२०च्या दशकात तेलाच्या दाबावर चालणारे मदतनीस स्टिअरिंग तयार केले. मंदीच्या काळात मोटार कंपन्यांनी त्यात पैसा घातला नाही. महायुद्धात जड चिलखती गाड्यांना ते उपयोगी पडले. आणि १९५१ साली क्रायस्लर कंपनीने आपल्या इम्पीरियल मोटारीत ते ग्राहकांना देऊ केले. गिऱ्हाईक खूश झाले. एका बोटाने मोटार वळते म्हटल्यावर कोण खूश होणार नाही? पण जाणकार चालकांची तक्रार लगेच सुरू झाली, की या चाकात काही कळतच नाही, रस्ता कापसात गुंडाळल्यासारखा वाटतो. पुढची कित्येक वर्षे अभियंत्यांनी मदत थोडी कमी करण्यात घालवली, म्हणजे हाताला थोडा जोर लागावा आणि त्या जोरातून थोडी खबर मिळावी. शोध लावायचा आणि मग तो थोडा मागे घ्यायचा, असा हा प्रकार. १९८८ साली जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या मोटारीत तेलाऐवजी विजेची मोटर मदतीला आली. आज बहुतेक लहान मोटारींत तीच असते. ही मोटर लक्षात ठेवावी. लेखाच्या शेवटी ती पुन्हा भेटणार आहे.

विमानात ही गोष्ट जिवावरची झाली. वेगवान विमानांच्या पंखांवरची पाती हवेच्या दाबापुढे माणसाच्या हाताने हलेनात, म्हणून महायुद्धानंतर ती तेलाच्या दाबाने हलवू लागले. आता वैमानिकाची दांडी फक्त एक झडप उघडत होती. हवेचा जोर तिच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. वैमानिकाला जोर कळला नाही तर तो ताशी आठशे किलोमीटर वेगात दांडी नको तितकी ओढील आणि विमानाचे तुकडे होतील. म्हणून कृत्रिम जाणीव देणारी यंत्रणा बसवावी लागली. तीत स्प्रिंगा होत्या, वजने होती, आणि हवेचा दाब मोजून त्या मानाने दांडी जड करणारी योजना होती. जगात मुद्दाम खोटा जोर निर्माण करून हाताला खरी गोष्ट सांगण्याचे काम पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर झाले ते इथे. त्यात भर म्हणून विमानाची उचल संपत आली की दांडी थरथरवणारे यंत्र आले. मोटरच्या आसावर एका बाजूला जड वजन लावायचे आणि ती फिरवायची, एवढेच त्यातले तंत्र. आपल्या खिशातला फोन ज्या युक्तीने थरथरतो, तिचे हे थोरले भावंड म्हणावे.

सगळ्या विमानांनी हा मार्ग धरला नाही. एअरबस कंपनीच्या ए-३२० विमानात, म्हणजे १९८८पासून, वैमानिकाच्या बाजूला एक लहान दांडी असते आणि ती फक्त स्प्रिंगवर चालते. दोन वैमानिकांच्या दांड्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. स्वयंचलित नियंत्रणात इंजिनांची शक्ती कमीजास्त झाली तरी हाताजवळचे दांडे जागचे हलत नाहीत. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळूरला गेलेले इंडियन एअरलाइन्सचे असे विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर उतरले. १४६ पैकी ९२ माणसे गेली. आपल्या भागातल्या पुष्कळांना ती बातमी आठवत असेल. इंजिने मंद ठेवणारी अवस्था चालू होती आणि ते वेळेत ध्यानात आले नाही. पुढे १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे ए-३३० अटलांटिकमध्ये पडले आणि २२८ जण मरण पावले. त्यात एक वैमानिक दांडी मागे ओढत होता आणि शेजारच्याच्या हाताला ते कळण्याचा मार्ग नव्हता. या दोन्ही अपघातांची कारणे अनेक आहेत. एका दांडीवर सगळे खापर फोडणे चूक ठरेल, आणि त्याच रचनेच्या विमानांनी लाखो उड्डाणे सुखरूप केली आहेत हेही खरे. पण हाताला खबर द्यावी की न द्यावी हा वाद चैनीचा नाही, एवढे यावरून कळावे.

तिसरी वाट प्रयोगशाळेतून आली. शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेत किरणोत्सारी पदार्थ हाताळायचे होते. माणसाने जाड भिंतीच्या अलीकडे बसायचे आणि पलीकडे यंत्राच्या हाताने काम करायचे. रेमंड गर्ट्‌झ याने १९४०च्या दशकाअखेरीस असे जोडहात बनवले. सुरुवातीला ते तारांनी आणि पट्ट्यांनी जोडलेले होते, त्यामुळे पलीकडच्या बाटलीचे वजन अलीकडच्या हाताला आपोआप कळे. १९५४ साली त्याने ती जोडणी विजेची केली. आता मध्ये फक्त तारेतला प्रवाह होता, तरी पलीकडे चिमटा भिंतीला टेकला की अलीकडच्या मोटरी हाताला अडवत. कासरा विजेचा झाला, म्हणा ना.

एकदा जोर विजेतून पाठवता आला की पलीकडे खरी वस्तू असण्याची तरी गरज काय? हा प्रश्न नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी विचारला. १९६७पासून त्यांच्या गटाने अरगॉनसारखाच एक यांत्रिक हात संगणकाला जोडला. संगणकाने गणित करून सांगायचे की इथे वस्तू आहे, आणि मोटरींनी हाताला अडवायचे. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी त्या हातात औषधाचा रेणू ‘धरून’ तो प्रथिनाच्या खोबणीत कुठे बसतो ते चाचपून पाहिले. १९९० साली ब्रुक्स यांनी या साऱ्या कामाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. वीस-बावीस वर्षे चिकाटीने एकच प्रश्न धरून बसणारे असे प्राध्यापक दुर्मिळच.

दरम्यान हा प्रश्न विद्यापीठातून थेट खेळाच्या दुकानात पोहोचला होता. अटारी कंपनीच्या ‘ग्रान ट्रॅक १०’ या १९७४च्या खेळाला चाक, गिअर आणि पेडल होते. पण ते चाक पंख्यासारखे मोकळे फिरे. १९७६ साली सेगा कंपनीच्या मोटारसायकलच्या खेळात टक्कर झाली की हँडल थरथरे. ती करमणूक होती, खबर नव्हती. टक्कर झाल्यावर थरथरण्याचा काय उपयोग? खरा टप्पा १९८९ साली आला. अटारी गेम्सने ‘हार्ड ड्रायव्हिंग’ नावाचा खेळ काढला. त्यात किल्ली फिरवून गाडी सुरू करावी लागे, क्लच दाबावा लागे, आणि चाकाला मोटर होती. गाडीच्या हालचालीच्या गणितासाठी त्यांनी डग मिलिकन या शर्यतीच्या मोटारींच्या तज्ज्ञाला बोलावले होते. त्याने पुढे १९९५ साली वडिलांसह लिहिलेला ग्रंथ आजही या विषयात प्रमाण मानतात. चाकाच्या बळाचे काम करणाऱ्यांत मॅक्स बेहेन्स्की होता, आणि त्याचे नाव ब्रुक्स यांच्यासह १९९०च्या एका शोधनिबंधावरही आहे. प्रयोगशाळा आणि खेळाचे दुकान यांच्यात तेव्हा फार अंतर नव्हते. या यंत्रात नाणे टाकणाऱ्या मुलाला पहिल्यांदा कळले की वळणावर चाक जड होते आणि गाडी सुटली की हलके.

घरात हे यायला आणखी आठ-नऊ वर्षे गेली. १९९३ साली लुई रोझेनबर्ग याने इमर्शन ही कंपनी काढली आणि या विषयातली पेटंटे जमवली. १९९७ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या संगणक-प्रणालीत खेळांसाठी बळाच्या आज्ञांची सोय केली, जोर देणारी जॉयस्टिकही काढली, आणि १९९८ साली चाक. त्या आज्ञांची यादी पाहिली तर पदार्थविज्ञानाच्या धड्याची अनुक्रमणिकाच वाटते. स्थिर बळ, स्प्रिंग, घर्षण, जडत्व, आंदोलन असे सगळे त्यात आहे. पुढे पैशाचे युद्ध झाले. २००२ साली इमर्शनने मायक्रोसॉफ्ट आणि सोनी या दोघांवर दावा लावला. पहिल्याने २००३ साली तडजोड केली. सोनीविरुद्ध २००४ साली पंचांनी ८ कोटी २० लाख डॉलरचा निकाल दिला. २००६ साली सोनीचे नवे खेळयंत्र बाजारात आले तेव्हा त्याच्या हातातल्या नियंत्रकात थरथर नव्हतीच. २००७ साली तडजोड झाली आणि त्याच वर्षी थरथर परतली. इथे अॅकरमनची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

चाकाचे वेड मात्र वाढत गेले. २००१ साली ‘ग्रान टुरिस्मो ३’ या खेळाबरोबर लॉजिटेकचे चाक आले. पुढच्या काही वर्षांत खऱ्या मोटारीसारखे अडीच फेरे, म्हणजे ९०० अंश फिरणारे चाक मिळू लागले. २००६ साली दोन मोटरी, क्लच आणि गिअरचा दांडा असलेला संच आला. या चाकांत मोटर आणि चाक यांच्यामध्ये दंतचक्रे असतात. ती कटकट वाजतात आणि बारीक थरथर खाऊन टाकतात. काहींनी दातांऐवजी पट्टा लावला. शेवटी मधले सारेच काढून चाक थेट मोटरच्या आसावर बसवले, म्हणजे वाटेत काही हरवायला नको. दंतचक्रांच्या घरगुती चाकाचा जोर दोन-सव्वादोन न्यूटन-मीटर भरतो. थेट जोडलेल्या चाकांचा पाचापासून पंचवीसपर्यंत. पंचवीसचा हिसका मनगट मुरगाळू शकतो, म्हणून त्याला धोक्याच्या वेळी बंद करण्याचे लाल बटण देतात.

आता हे चाक लावायचे कसे, तेही सांगायला हवे, कारण इतिहास इथे प्रत्यक्ष हाताला लागतो. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी उद्यमबागेत एका फौंड्रीत काम करतो. त्याने घरी असे चाक घेतले आणि मला पाहायला बोलावले. चाक आधी टेबलाला घट्ट आवळले, नाहीतर जोर चाकाऐवजी टेबलच खाते. वीज देताच चाक आपोआप एका टोकापर्यंत फिरले, मग दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मध्यावर येऊन थांबले. घरातल्या आजी ‘अगबाई, भूत!’ म्हणून मागे सरल्या. ते फक्त आपला मध्यबिंदू शोधत होते.

त्यानंतरचे त्याचे काम बघण्यासारखे होते. खेळातले चाक आणि हातातले चाक सारखेच अंश फिरते ना, हे त्याने आधी ताडून पाहिले. मग एक स्प्रिंग बंद केली. ही स्प्रिंग चाकाला नेहमी मध्यावर ओढते आणि नवख्याला तीच मोटारीची ओढ वाटते. पण ती टायरमधून आलेली नसते, उभ्या गाडीतही तितकीच असते. हांजीहांजी करणाऱ्या कारकुनासारखी ती प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देते.

मग आला जोर किती ठेवायचा हा प्रश्न. नवीन चाक घेणारा प्रत्येक जण तो पूर्ण ठेवतो, पैसे दिलेत म्हणून. “सर, आता वळण घ्या,” तो म्हणाला. मी घेतले. चाक दगडासारखे जड झाले आणि तसेच राहिले. मग त्याने जोर पुष्कळ कमी केला आणि तेच वळण पुन्हा घ्यायला लावले. या वेळी चाक जड होत गेले, मध्येच रस्त्याच्या कडेची पट्टी बोटांना लागली, आणि मग हळूच ते हलके झाले. पाठोपाठ गाडीचे नाक बाहेर सरकले. कारण असे की मोटरला एक मर्यादा असते. खेळाच्या गणिताने त्या मर्यादेपेक्षा जास्त मागितले की तिच्या वरचे सगळे आकडे सपाट होतात. खूप जोर आणि त्याहून खूप जोर यांत फरक उरत नाही, आणि तो हलकेपणा, ज्यासाठी सारा खटाटोप, तोच कापला जातो. गणपतीत कर्णा मोठा केला की गाणे फाटते ना, तसेच. मिरजेच्या तंबोऱ्याला जवारी लावताना दोरा केसभर सरकवावा लागतो आणि स्वर खुलतो, त्या जातीचे हे काम आहे, ताकदीचे नाही. कमी जोराच्या चाकाला उलटी अडचणही असते. अगदी बारीक बळ त्याच्याच घर्षणात मरते, म्हणून किमान बळ थोडे वाढवून ठेवतात. जास्त वाढवले तर सरळ रस्त्यावर हात सोडताच चाक डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते. हे झोके थांबवायला थोडा जडपणा घालतात, आणि जडपणा जास्त झाला की पुन्हा १९५१ची क्रायस्लर. तासभर हे चालले होते. त्याची आई आतून मराठीत आणि वडील कन्नडमध्ये जेवायला हाका मारत होते. त्याला कुठलीच भाषा ऐकू येत नव्हती.

या शिक्षणाचा खऱ्या रस्त्यावर काही उपयोग होतो का? एक उत्तर इतिहासात आहे. २००८ साली निसान आणि प्लेस्टेशन यांनी ‘जीटी अकॅडमी’ स्पर्धा सुरू केली. घरच्या चाकावर जिंकणाऱ्यांना खऱ्या शर्यतीच्या मोटारीत बसवायचे. पहिला विजेता स्पेनचा लुकास ओर्दोनेझ २०११ साली ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात दुसरा आला. ब्रिटनचा यान मार्डनबरो २०११ साली निवडला गेला आणि २०१३ साली त्याच शर्यतीत त्याच्या चमूला गटात तिसरे स्थान मिळाले. टायर सुटण्याची ती कुजबुज त्यांच्या हातांनी मुलांच्या खोलीतच ओळखली होती. मात्र मार्च २०१५मध्ये जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगवर त्याच मार्डनबरोची मोटार उंचवट्यावर हवेत उचलली गेली आणि कुंपण ओलांडून प्रेक्षकांत पडली. एक प्रेक्षक मरण पावला. टेबलावरचे चाक पुढच्या टायरची खबर देते; पाठीला जाणवणारी गाडीची उसळी देत नाही, भीतीही देत नाही. अपघात झाला की खेळात बटण दाबून पुन्हा सुरुवात होते. आईवडिलांनी मुलांना एवढे जरूर सांगावे आणि मग त्यांना खेळू द्यावे.

आता त्या विजेच्या मोटरकडे परत येऊ. २०१३ साली निसानच्याच इन्फिनिटी क्यू-५० या मोटारीत असे स्टिअरिंग आले, की नेहमीच्या चालण्यात चाक आणि टायर यांच्यामध्ये लोखंडी दांडा गुंतलेलाच नसे. यंत्रणा बिघडली तरच तो जोडला जाई. २०२३ साली टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये तो आधाराचा दांडाही राहिला नाही. हाताने चाक फिरवले की तारेतून हुकूम जातो, टायरजवळच्या मोटरी टायर वळवतात, आणि चाकामागची आणखी एक मोटर हाताला जोर देते. तिची घडण टेबलावर आवळलेल्या त्या खेळण्यापेक्षा फार वेगळी नाही. खडबडीत रस्त्याची किती थरथर वर येऊ द्यायची, खड्ड्याचा हिसका किती कापायचा, पकड सुटतानाचा हलकेपणा दाखवायचा की लपवायचा, हे कारखान्यात बसलेले अभियंते संगणकाच्या पडद्यावर ठरवतात, उद्यमबागेतल्या त्या मुलाने जेवणाआधी तासभर ठरवले तसेच. त्याच्या चाकावर ते आकडे त्याला हवे तेव्हा बदलता येतात.